मे महिन्यात समृद्धीवरून कारने जाताना टायरमध्ये हवा कमी ठेवावी का?

तुमचा पंक्चरवाला म्हणतो की काँक्रिट तापतं, आतली हवा फुगते, म्हणून नागपूरहून निघताना ३३ ऐवजी २८ चीच हवा ठेवा. ठेवू नका. हाच सल्ला मीही एकदा पाळला होता.

हवा तापून फुगते हे खरंच आहे. सकाळी ३३ भरलेली हवा दुपारी ३८-३९ दाखवते. पण गाडी बनवणाऱ्यांनी हे धरूनच आकडा दिलेला असतो आणि टायर त्याहून कितीतरी जास्त दाब सोसतो. टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळे. कमी हवेचा टायर रस्त्यावर चपटा बसतो, आणि प्रत्येक फेरीला त्याची बाजूची भिंत दुमडते नि सरळ होते. १२० च्या वेगाला हे सेकंदाला सतरा-अठरा वेळा होतं. तार वाकवून वाकवून तोडलीत की तुटल्या जागी चटका बसतो ना, तसाच टायर आतून तापत जातो आणि शेवटी फुटतो. जुन्या रस्त्याला दर गावाशी गतिरोधक होता, टायरला उसंत मिळायची. समृद्धी ७०१ किलोमीटर सलग, ती उसंत तिथे नाही.

माझा मागचा डावा टायर मेहकरच्या पुढे फुटला. ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग घट्ट धरून नुसता ॲक्सिलरेटर सोडला, म्हणून आज उत्तर लिहितोय. नंतर रिमवरून उतरवला तर आतून रबराचा काळा भुगा पडला. कमी हवेवर बराच वेळ पळाल्याची खूण.

तर आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बघा. टायरवर ४४ किंवा ५१ छापलंय ती कमाल मर्यादा, भरायची हवा नव्हे. गाडीत माणसं-सामान भरलेलं असेल तर स्टिकरवरचा 'फुल लोड'चा आकडा घ्या. हवा सकाळी, टायर गार असताना मारा. वाटेत तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसली तरी काढू नका. नायट्रोजन भरायचा असेल तर भरा, पण साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

टायर गोटा झालाय का, बाजूला कुठे फुगवटा आहे का, तेही बघा. फुगवटा दिसला तर तो टायर घेऊन समृद्धीवर जाऊच नका. टायरवरच्या डॉट (DOT) क्रमांकातले शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. एवढा जुना टायर, नक्षी शाबूत असली तरी, मी तरी मे महिन्यात १२० ने पळवणार नाही.

आणि स्टेपनी. ती बारीक, छोट्या चाकाची असेल तर ८० च्या वर न्यायची नसते. माझी पूर्ण मापाची होती, पण तिच्यात हवाच नव्हती. मेहकरपर्यंत टोचन करून गेलो.