जोंगाचा फायरवॉलकडचा (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडचा) सहावा स्पार्क प्लग निघत नाही, पाना बसायलाही जागा नाही. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवावं लागेल का?

हेड उतरवायची वेळ बहुतेक येणार नाही. तुम्ही लिहिलंय की लष्करी लिलावातली जोंगा, म्हणजे सैन्याची जुनी जीपसारखी गाडी, म्हापशाला शेडमध्ये दोन पावसाळे उभी होती, पाच प्लग निघाले, मागचा एक जाम आहे आणि मिस्त्री पान्याला पाइप लावून जोर द्यायचं म्हणतोय. तो पाइप मात्र लावू देऊ नका. अडचणीच्या जागी पाना जरासा जरी तिरका बसला, तरी लांब दांड्याचा सगळा जोर प्लगच्या चिनीमातीवर जातो. ती फुटली की तासाभराचं काम आठवड्याचं होतं.

माझं मत असं की अवघड प्लगचा खरा प्रश्न पान्याचा नसतो, वाटेचा असतो. आधी बॅटरीची अर्थिंग काढा, कारण फायरवॉलजवळ लोखंडी पाना कुठेही टेकू शकतो. मग एअर क्लीनर, त्याचा पाइप, आड येणारी वायरिंग आणि लागलीच तर डिस्ट्रिब्यूटरची कॅप, सगळं बाजूला करा. प्लगच्या वायरींवर आधी नंबर घाला. सहा सिलिंडरच्या या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४ आहे, पण ऐन वेळी पाठांतरापेक्षा चिकटपट्टीवरचा आकडा बरा. एवढं काढायला अर्धा दिवस जातो म्हणून लोक टाळतात आणि हात वाकडा घालून झटापट करत बसतात. तो अर्धा दिवस खर्च कराच.

आता पाना. मोठ्या षटकोनाच्या, १४ मिमी आट्यांच्या प्लगला २०.८ मिमीची, म्हणजे १३/१६ इंचाची गोटी (सॉकेट) लागते. एकवीसची गोटी 'बसते' म्हणून वापरू नका, जाम प्लगवर ती कोपरे गोल करते. गोटीवर युनिव्हर्सल जॉइंट आणि त्यावर लांब एक्स्टेन्शन लावलं की रॅचेट पुढे मोकळ्या जागेत येतं. सैल झालेला प्लग फिरवून काढायला ही जोडणी छान. पहिला झटका मात्र जॉइंटवरून देऊ नका, तो मोडतो आणि गोटी तिरकी होते. बऱ्याच प्लग-गोट्यांना वरच्या टोकाला बाहेरून षटकोन असतो. त्यावर साधा रिंग पाना चढवला की उंची फार लागत नाही आणि जोर सरळ पडतो. तेवढीही जागा नसेल तर जुना पाइपचा प्लग पाना लेथवाल्याकडून आखूड करून घ्या. फक्त प्लगची चिनीमाती आत पूर्ण मावेल इतकी लांबी ठेवायला सांगा.

प्लगला हात लावण्याआधी त्याच्या बुडाशी साचलेलं काढा. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यामुळे तिथे गंज, माती आणि तेलाचा थर घट्ट बसतो. आधी ब्रशने खरवडा, मग कंप्रेसरची हवा मारा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. हा कचरा सिलिंडरमध्ये पडला तर भिंतीवर ओरखडे उमटतात. मोकळ्या झालेल्या पाच भोकांत कापड कोंबून ठेवा.

मग गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा मारा. हेडला चुंबक चिकटलं तर ते बिडाचं आहे. बिडाच्या हेडमधला जाम प्लग इंजिन कोमट असताना लवकर सुटतो. अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर पूर्ण थंड असतानाच काढा, गरम हेडमधले मऊ आटे प्लगबरोबर उपटून येतात. तुमची गाडी चालत नसेल तर स्प्रे आणि धीर एवढंच हाताशी आहे. कार्ब्युरेटरशेजारी गॅसची ज्योत धरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

प्लग पाव फेरी फिरला आणि किरकिरला की थांबा. परत थोडा आवळा, स्प्रे मारा, पुन्हा सोडा. असं मागेपुढे करताना गंजाचा भुगा आट्यांतून बाहेर पडतो. एका दमात ओढलात तर तोच भुगा आटे खातो. आटे थोडे खराब झाले असतील तर १४ x १.२५ चा थ्रेड चेसर (आटे साफ करायचं हत्यार) ग्रीस लावून हाताने फिरवा, भुगा ग्रीसला चिकटतो. पूर्ण गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवता येते, पण ते चांगल्या वर्कशॉपचं काम.

निघालेले सहाही प्लग क्रमाने मांडा आणि आट्यांची लांबी मोजा. लष्करातून हातोहात आलेल्या गाडीत १२.७ आणि १९ मिमी असे मिसळलेले प्लग असू शकतात. आखूड प्लगपुढे उरलेल्या हेडच्या आट्यांत काजळी साचते. लांब प्लग पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो.

प्लग बाहेर आहेत तोवर प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा आणि इंजिन हाताने दोन-चार फेऱ्या फिरवा, मगच स्टार्टर. उभ्या गाडीची ही काळजी जुनी आहे. शर्मन रणगाड्याच्या नऊ सिलिंडरच्या रेडियल इंजिनात खालच्या सिलिंडरांत तेल उतरायचं. म्हणून बराच वेळ उभा राहिला की क्रू आधी हँडल घालून इंजिन हाताने फिरवायचा. त्या एका इंजिनाला १८ प्लग. सेंच्युरियन रणगाड्याच्या मीटिअर इंजिनाला तर २४. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन विमान उभं आहे, त्याच्या चारपैकी प्रत्येक इंजिनाला ३६. ती इंजिनं पाहून या, एका सहाव्या प्लगचं दडपण कमी होईल.

नवा प्लग बसवताना गॅप, म्हणजे ठिणगीची फट, फीलर गेजने तपासा. आकडा मॅन्युअलमधून घ्या. विलीज जीपचा ०.०३० इंच आहे, तो जोंगाला लावू नका. सुरुवात गोटीने करू नका. प्लगच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा घाला आणि नळी बोटांनी फिरवा. आटे वाकडे पकडले तर नळी घसरते आणि हेड वाचतं. मागच्या आंधळ्या जागेत मला याहून भरवशाचा उपाय माहीत नाही. वॉशर टेकेपर्यंत हाताने, मग नव्या वॉशरला अर्धी फेरी. टॉर्क पाना पोहोचत असेल तर कोरड्या आट्यांवर २५ ते ३० न्यूटन-मीटर. अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावायचं तर अगदी पुसट, पुढचे एक-दोन आटे सोडून, आणि टॉर्क कमी करून. मुलामा दिलेल्या नव्या प्लगना त्याची गरज नसते.

एक विनंती. प्लग निघत नाही म्हणून कुणी डिझेल इंजिन बसवायचं सुचवेल. कितीतरी जोंगांचं तेच झालं. निसानच्या 'पेट्रोल' (Patrol) या मॉडेलवरून जबलपूरला बांधलेल्या या गाडीचं ३९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन शाबूत असेल तर ते ठेवा. हेडला चुंबक चिकटतं का आणि प्लगचा षटकोन अजून धारदार आहे का, एवढं खाली लिहा. कोपरे गोल झाले असतील तर पुढची पद्धत वेगळी आहे, ती सांगतो. तोवर त्यावर पाना ठेवू नका, नुसता स्प्रे मारत राहा.