इंदिरानगर ते सातपूर: नवी सायकल नको, आहे तीच नीट बसवून घ्या

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या इंदिरानगरला राहता, सातपूर एमआयडीसीत जनरल शिफ्टला आहात आणि घरात पुढे शॉकअप असलेली २६ इंची गिअरची सायकल पडून होती. तिच्यावर महिनाभर ये-जा केली तर गुडघे दुखले, पाठ घामाने भिजली आणि दोनदा पंक्चर झालं. आता ती विकून रविवारी त्र्यंबकच्या रस्त्याला दिसतात तशी बारीक टायरची रोड बाइक घ्यावी का?

घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारी सायकल न बदलता मिटणाऱ्या आहेत. मी स्वतः अकरा वर्षं सायकलने कामावर जातोय, त्यातली पहिली सात वर्षं तुमच्यासारख्याच सायकलवर काढली.

नाशिकला सायकलचं वेड आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीने ‘रेस अक्रॉस अमेरिका’, म्हणजे अख्खी अमेरिका सायकलने आडवी पार करायची शर्यत, पुरी केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. त्यामुळे आपल्याकडे चांगली सायकल म्हटलं की वाकड्या हँडलची, हलकी, झपाट्याने पळणारीच डोळ्यासमोर येते. पण कामावर जायच्या सायकलीची परीक्षा वेगळी असते. सव्वाआठला डबा अडकवला आणि निघालो, इतकं ते सोपं हवं. हवा बघा, लाइट शोधा, चिखल उडेल म्हणून दुसरी पँट घ्या, यातलं एक काम जरी रोज करावं लागलं, तरी तिसऱ्या आठवड्यात हात गाडीच्या किल्लीकडे जातो. म्हणून जे लावायचं ते कायमचं लावायचं आणि जे रोज करावं लागतं ते कमी करत जायचं.

आधी गुडघे. तुमची सीट खाली आहे, हे मी न बघता सांगतो. आपल्याकडे सायकल विकत घेतानाच ‘दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत’ म्हणून सीट खाली करून देतात. सीटवर बसून दोन्ही तळवे आरामात टेकत असतील, तर पॅडल मारताना गुडघा नको तितका दुमडतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. भिंतीला धरून सीटवर बसा, पॅडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चालवताना पंजाचा पुढचा भाग पॅडलवर आला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. हवा तो एवढाच. एकदम इतकी उंच सीट घाबरवते, म्हणून दर दोन दिवसांनी बोटभर चढवत न्या. सिग्नलला थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायची सवय लागते, आठवडाभर लागेल. गुडघ्याच्या मागे ओढ बसायला लागली किंवा कंबर डोलायला लागली, तर जास्त झाली समजा. सीटच्या दांड्यावर एक कोरलेली खूण असते. ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. तिच्यापर्यंत पोचूनही सीट कमी पडत असेल, तर तेवढ्यापुरता लांब दांडा घ्यावा लागेल.

गुडघ्यांचं दुसरं कारण गिअर. जड गिअरवर जोर लावून हळूहळू पाय फिरवणं म्हणजे ताकद वाढवणं असं अनेकांना वाटतं. मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे होतील असा हलका गिअर ठेवा. सिग्नलला थांबायच्या आधीच गिअर हलका करून घ्या, म्हणजे पुन्हा निघताना उभं राहून रेटावं लागत नाही.

आता टायर. खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर तो इथे करा. तुमच्या सायकलला बहुतेक २६ × १.९५ चे (चाकाचा व्यास आणि टायरची रुंदी, इंचांत) खड्डे-उंचवट्यांचे टायर असतील. डांबरावर ते घोंगावतात तो आवाज म्हणजे तुमचीच वाया जाणारी मेहनत. त्याजागी २६ × १.५ चे गुळगुळीत, शक्य तर आतून पंक्चररोधक पट्टा असलेले टायर घाला. पहिल्या दिवशी वाटेल की कुणीतरी मागून ढकलतंय.

मात्र दुकानात नुसतं ‘२६ चा टायर द्या’ म्हणू नका. २६ इंच नावाने किमान दोन वेगळी मापं मिळतात. तुमच्यासारख्या सायकलीचं रिम ५५९ मिलिमीटरचं असतं आणि साध्या लेडीज सायकलीचं २६ × १ ३/८ वालं रिम ५९० चं. एकाचा टायर दुसऱ्याला बसतच नाही. जुन्या टायरच्या बाजूवर ‘५०-५५९’ असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला मागचा आकडा जुळला पाहिजे. माझ्या एका सहकाऱ्याने असा चुकीचा टायर घरी आणून अख्खी रविवार दुपार त्याच्याशी झटापट केली होती.

हवेचं सांगतो. १.५ च्या टायरला तुमच्या वजनाप्रमाणे पन्नास ते साठ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपाच्या काट्यावर दिसतं) ठीक, मागे पुढच्यापेक्षा थोडी जास्त, पण टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आतच. पावसात पाच पीएसआय कमी ठेवा, पकड सुधारते. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने भरायचं टाळा. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडी आणि तो भरतो झपकन. घरी काटा असलेला उभा पंप घ्या आणि दर रविवारी एकदा भरा, मग आठवडाभर विचार करायला नको. दोन पंक्चर झाली म्हणता, त्यातलं एक तरी कमी हवेमुळे झालं असण्याची शक्यता आहे. खड्ड्यात टायर दबून ट्यूब रिमला चिमटली की तिला सापाच्या दातासारखी दोन शेजारी भोकं पडतात. एकच बारीक भोक असेल तर काटा किंवा तार. तेव्हा नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून तो काटा शोधून काढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पाठीच्या घामाला कारण पाठीवरची बॅग. मागे कॅरिअर लावा, फक्त सीटच्या दांड्याला आवळून बसतो तो नको. मी सुरुवातीला तोच लावला होता. एका पावसाळी सकाळी चौकात वळताना तो फिरला, डबा-बॅगसकट चाकावर आला आणि मी रस्त्यावर. मागून रिक्षा हळू येत होती म्हणून निभावलं. मागच्या चाकाच्या आसाजवळ फ्रेमला आटे असलेली छोटी भोकं असतात, त्यात पाय रोवून उभा राहणारा कॅरिअर घ्या. डबा आणि कपडे त्याच्या बाजूच्या पिशवीत टाका. पिशवीचा कुठलाही पट्टा लोंबता ठेवू नका, चाकाच्या तारांत अडकला तर चाक जागीच थांबतं.

तुमच्या रस्त्याबद्दल एक गोष्ट बहुतेक कुणी सांगणार नाही. बोगद्यातून गोविंदनगर, सिटी सेंटर मॉलचा चौक आणि मग त्र्यंबक रोडने सातपूर, म्हणजे सकाळी तुम्ही पश्चिमेला जाता आणि संध्याकाळी पूर्वेला येता. दोन्ही वेळा सूर्य तुमच्या पाठीशी. तुम्हाला सगळं लख्ख दिसतं, पण समोरून येणाऱ्याच्या आणि तुमच्या पुढ्यातून उजवीकडे वळणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन असतं, त्याला तुम्ही दिसत नाही. म्हणून पुढचा पांढरा लाइट भर दिवसासुद्धा लुकलुकता ठेवा. अंधार पडल्यावर स्थिर करा आणि थोडा खाली झुकवा. मागे लाल लाइट हवाच, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहा वाजताच अंधारतं. दोन्ही चार्जिंगचे घ्या आणि चार्जर कामाच्या टेबलावरच ठेवा. त्याच दिशेमुळे पावसाळ्यात सकाळी वारा तोंडावर येतो. तेव्हा दहा मिनिटं आधी निघा आणि वाऱ्याशी भांडू नका, संध्याकाळी तोच घरी आणून सोडतो.

जून ते सप्टेंबर ही या सायकलीची खरी कसोटी. पूर्ण लांबीचे मडगार्ड लावा. पुढच्या मडगार्डला खाली रबराची झालर जितकी खाली जाईल तितकं चांगलं, कारण बुटात आणि चेनवर जाणारं गढूळ पाणी पुढचंच चाक उडवतं. चेनला इंजिन ऑइल ओतू नका. त्याला एमआयडीसीची धूळ चिकटून घासायचा मलम तयार होतो आणि तोच चेन खातो. प्रत्येक रोलरवर चेनच्या तेलाचा एकेक थेंब टाका, पॅडल उलटं फिरवा, पाच मिनिटांनी बाहेरचं सगळं तेल फडक्याने पुसून टाका. भिजून आल्यावर फक्त पुसलं तरी अर्धं काम होतं. चेन झिजली का हे पट्टीने कळतं. नव्या चेनच्या पिनांचं बारा इंचांचं अंतर वाढून सव्वाबारा नव्हे, नुसतं एक सोळांश इंच जास्त भरलं, तरी ती बदला. उशीर केला तर मागचे दातेही बदलावे लागतात.

तुमचे ब्रेक रिमवर रबर दाबणारे असतील, तर पावसात दर आठवड्याला ती रबरं बघा. त्यांत रिमच्या धातूचे चकाकणारे कण रुतून बसतात, टाचणीने काढून टाका. ओल्या रिमवर पहिले दोन-तीन फेरे ब्रेक जवळजवळ लागतच नाही, तेवढं अंतर आधीपासून धरून चाला. साचलेल्या पाण्यातून सायकल घालू नका, खाली काय आहे ते काल माहीत होतं, आज नाही. पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं ओली असताना सरळ पार करा, त्यांच्यावर वळू नका, ब्रेक दाबू नका.

शॉकअप बदलायचा नाही. त्याची हालचाल बंद करायची सोय (लॉकआउट) असेल तर बंद करा, नसेल तर वरची गोल चावी घट्ट करा. बदलायला निघालात तर पैसे जातील आणि नऊ किलोमीटरला फरक कळणार नाही. सायकलला लावायचं कुलूप यू आकाराचं, फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही धरेल असं. हेल्मेट हवंच.

हे सगळं एकदम नका करू. या आठवड्यात फुकटातलं, म्हणजे सीट, हवा, गिअर. पगार झाला की टायर, मग कॅरिअर, मग मेच्या आत मडगार्ड. तोवर टायरच्या बाजूवर छापलेला आकडा आणि टाच पॅडलवर ठेवल्यावर गुडघा किती वाकतो, एवढं बघून कळवा. टायर कोणता घ्यायचा ते त्यावरून नेमकं सांगता येईल.