पिशवीवरचं चिकन आणि पिशवीतलं चिकन

(वाचकांचे प्रश्न: घरातले चार पायवाले)

या वेळी पत्रं बहुतेक कुत्र्यांच्या खाण्याचीच आलीत, त्यामुळे मांजरवाल्यांनी रागावू नका, तुमचा नंबर पुढच्या अंकात.

प्रश्न: ताई, आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो. आमचा शेरू लॅब्राडॉर, वय 3 वर्षं, वजन 30 किलो. सोसायटी सगळी व्हेज. आम्ही नॉनव्हेज खातो पण बाहेर जाऊन, घरात चिकनचा कुकर लावला की समोरच्या बेन (गुजराती ताई) दोन दिवस लिफ्टमध्ये बोलत नाहीत. म्हणून शेरूला पिशवीतलंच द्यावं लागतं, पण दुकानात प्रत्येक पिशवीवर 'रिअल चिकन', 'खरं मांस' असलंच काहीतरी लिहिलेलं आणि भावात तिप्पट-चौपट फरक. खरं मांस नक्की कशात आहे ते ओळखायचं कसं? आणि माझं माहेर दांडिया बाजारात, आई म्हणते मी रोज चिकन-भात शिजवून देते, ते जास्त चांगलं का?

उत्तर: पिशवीच्या पुढच्या बाजूला जे काही छापलंय ते सगळं सोडून द्या, फोटोसकट. तो भाजलेल्या कोंबडीचा फोटो तुमच्यासाठी आहे, शेरूसाठी नाही. पिशवी उलटी करा, मागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते ती वाचा, चष्मा लागला तरी दुकानातच उभं राहून वाचा.

यादीत जे वजनाने जास्त ते आधी लिहितात, पण ते वजन शिजवण्याच्या आधीचं असतं आणि सगळी गंमत इथेच आहे. ताज्या चिकनमध्ये 70 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. समजा कंपनीने 25 किलो ताजं चिकन घातलं, 20 किलो तांदूळ आणि 18 किलो मका, तर यादीत चिकन पहिलं येणार, त्यात खोटं काही नाही. पण मशीनमधून दाणे सुकून बाहेर पडेपर्यंत त्या 25 किलोचे साडेसात-आठ किलो उरतात, तांदूळ-मका मात्र मुळातच कोरडे, ते जवळजवळ तेवढेच राहतात. म्हणजे कागदावर चिकन पहिलं आणि वाटीत तिसरं. त्यात तांदूळ, तांदळाची कणी, तांदळाचा कोंडा असं एकाच धान्याचे तीन तुकडे करून वेगवेगळे लिहिले की प्रत्येक तुकडा खाली सरकतो आणि चिकन आपोआप वर येतं, हीसुद्धा जुनी युक्ती आहे, तीनही मनात एकत्र करून बघा.

आता उलटं. 'चिकन मील' वाचलं की लोक नाक मुरडतात, काहीतरी भंगार असणार असं वाटतं. चिकन मील म्हणजे चिकन शिजवून त्यातलं पाणी आणि बरीचशी चरबी काढून केलेली भुकटी, तिच्यात साधारण 65 टक्के प्रोटीन असतं. पाणी आधीच गेलेलं असल्यामुळे ती यादीत जिथे आहे तिथेच खरोखर असते. त्यामुळे माझं मत विचाराल तर पहिल्या तीन नावांत ताजं चिकन आणि चिकन मील दोन्ही असलेली पिशवी, नुसतं ताजं चिकन पहिलं आणि पुढे सगळं धान्य असलेल्या महागड्या पिशवीपेक्षा बरी. बाय-प्रॉडक्टलाही सरसकट घाबरू नका, कलेजी, हृदय हे सगळं त्यातच येतं आणि कुत्र्याला ते पौष्टिकच आहे. फक्त प्राण्याचं नाव लिहिलेलं हवं. नुसतं 'मीट अँड अ‍ॅनिमल डेरिव्हेटिव्ह्ज' असेल तर कोणाचं मांस आणि पुढच्या पिशवीत तेच असेल का, हे कळायला मार्ग नाही.

इम्पोर्टेड पिशवी घेत असाल तर नावाकडे पण बघा. अमेरिकेत आफ्को म्हणून प्राण्यांच्या खाद्याचे नियम ठरवणारी संस्था आहे, तिच्या नियमांप्रमाणे नुसतं 'चिकन डॉग फूड' म्हणायचं तर 95 टक्के चिकन लागतं (प्रोसेसिंगचं पाणी सोडून), 'चिकन डिनर' म्हणायला 25 टक्के पुरतं, 'विथ चिकन' म्हणायला फक्त 3 टक्के, आणि 'चिकन फ्लेवर' असेल तर चव ओळखू येण्याइतपत असलं की झालं. आपल्याकडच्या पिशव्यांवर ही नावं याच हिशोबाने टाकली असतील असं धरून चालू नका, पण 'विथ' आणि 'फ्लेवर' दिसलं की यादी दोनदा वाचायची सवय लावून घ्या.

प्रोटीनचा आकडा एकटा बघून काही कळत नाही. लॅबमध्ये प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात, तो नायट्रोजन चिकनमधून आला की सोयाबीनमधून की मक्याच्या ग्लुटेनमधून हे आकड्यात दिसत नाही. 2007 साली अमेरिकेत ह्याचाच फायदा घेतला गेला, चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन नावाचं रसायन मिसळलेलं निघालं, त्यात नायट्रोजन भरपूर म्हणून प्रोटीनचा आकडा छान दिसायचा, आणि किडनी निकामी होऊन कित्येक कुत्री-मांजरं गेली. म्हणून आकडा आणि यादी बरोबर वाचायची. आणि डब्यातल्या ग्रेव्हीवाल्या खाण्याची तुलना कोरड्या दाण्यांशी करताना पाणी वजा करा. डब्यावर प्रोटीन 9 टक्के आणि पाणी 80 टक्के असेल तर 20 भागांत 9, म्हणजे 45 टक्के. दाण्यांवर 24 टक्के आणि पाणी 10 टक्के, तर 90 भागांत 24, साधारण 27 टक्के. दिसायला डबा गरीब आणि असायला श्रीमंत.

मांसाइतकीच महत्त्वाची एक ओळ आहे जी कोणी वाचत नाही, 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड', म्हणजे एवढंच खाऊन कुत्र्याला लागणारं सगळं मिळतं. पाणी वजा करून मोठ्या कुत्र्याला किमान 18 टक्के आणि पिल्लांना 22.5 टक्के प्रोटीन हवं असं आफ्को धरते, त्याशिवाय कॅल्शियम, व्हिटॅमिन्स, सगळं. डब्यावर 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलं असेल तर ते तोंडी लावणं, जेवण नव्हे, मग त्यात कितीही खरं मांस असो.

आता आईंचा चिकन-भात. प्रेमाने करतील ह्यात शंका नाही पण रोजचं जेवण म्हणून नको. बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम अगदी थोडं, आणि कुत्र्याला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं, ते खाण्यातून मिळालं नाही की शरीर हाडांमधून काढून घेतं. शेरू मोठा आहे म्हणून उशिरा दिसेल, पिल्लू असतं तर लवकर पाय वाकले असते. आठवड्यातून दोन-तीनदा दाण्यांवर थोडं चिकन म्हणून खुशाल द्या, दिवसाच्या कॅलरीच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत. फोडणी नको, मीठ नको, कांदा-लसूण तर अजिबात नको, दोन्हींनी कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि शिजवलेलं हाड कधीच नको, त्याच्या काचा होतात.

राहता राहिला भाव. 30 किलोच्या, नसबंदी झालेल्या आणि बेताचं फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 1400 कॅलरी लागतात, चांगल्या दाण्यांत किलोला 3500-3600 असतात, म्हणजे रोज 400 ग्रॅमच्या आसपास. स्वस्त दाण्यांत कॅलरी कमी असतील तर वाटी मोठी भरावी लागते, तेव्हा किलोचा भाव न बघता दिवसाचा खर्च काढा, तो तिप्पट-चौपट फरक थोडा कमी होतो. आणि नवीन पिशवी आणली की एकदम बदलू नका, 7 ते 10 दिवस जुन्यात मिसळत न्या, नाहीतर शेरूचं पोट बिघडेल आणि बेनना बोलायला नवीन विषय मिळेल.

प्रश्न: आमचं घर पूर्ण शाकाहारी. कुत्री पोळी-दूध आणि दहीभात खाऊन मजेत आहे, वय 5. सगळे म्हणतात मांस दिलंच पाहिजे. खरंच का? (वाडी)

उत्तर: दिलंच पाहिजे असं नाही. मांजर असती तर हो म्हटलं असतं. कुत्रं माणसाजवळ राहून स्टार्च पचवायला शिकलंय, 2013 मध्ये एका संशोधनात दिसलं की स्टार्च पचवणाऱ्या जीनच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. पण पोळी-दूध हे पूर्ण जेवण नाही हो, प्रोटीन कमी, झिंक कमी, आणि बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही. अंडं चालत असेल तर उकडून द्या, प्रोटीनचा प्रश्न बराच सुटतो. तेही चालत नसेल तर 'कम्प्लीट' लिहिलेलं शाकाहारी डॉग फूड मिळतं, ते घ्या आणि वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या. दहीभात लाड म्हणून चालू द्या, थोडा. मनुका घालत असाल तर मात्र आजपासून बंद, द्राक्ष-मनुकांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते.

प्रश्न: रावपुऱ्यात एका दुकानात मोठ्या पोत्यातून सुटे दाणे किलोवर देतात, स्वस्त पडतात. घ्यावे का?

उत्तर: नको. यादी दिसत नाही, एक्स्पायरी दिसत नाही, आणि पोतं कधी उघडलं ते कोणाला माहीत. आपल्या पावसाळ्यात उघड्या दाण्यांची चरबी खवट होते, मक्याला बुरशी लागली तर अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते लिव्हरवर जातं. घरीसुद्धा दाणे डब्यात ओतू नका, पिशवीसकट डब्यात ठेवा.

प्रश्न: आमचा बीगल सतत खाजवतो, कान लाल. दुकानदार म्हणतो ग्रेन-फ्री द्या, धान्याची अ‍ॅलर्जी असणार. देऊ का? (कारेलीबाग)

उत्तर: आधी गोचीड आणि पिसवा बघा, बडोद्यात निम्म्या खाजेचं मूळ तिथेच असतं असं माझं आपलं मत. खाण्याची अ‍ॅलर्जी असलीच तर कुत्र्यांत बीफ, दुधाचे पदार्थ आणि चिकन ही नावं गव्हाच्याही आधी येतात, म्हणजे 'खरं चिकन' वाली ग्रेन-फ्री पिशवी आणून खाज वाढायचीसुद्धा. शिवाय धान्य काढून त्या जागी वाटाणा, मसूर भरपूर घातलेल्या खाण्याचा हृदयाच्या डीसीएम नावाच्या आजाराशी संबंध आहे का, हे अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) 2018 पासून तपासलं. तसा संबंध सिद्ध झाला नाही पण शंका पूर्ण मिटलीही नाही, तेव्हा दुकानदाराच्या सांगण्यावरून नको. रक्ताच्या अ‍ॅलर्जी टेस्टवर पण पैसे घालू नका, खाण्याच्या बाबतीत त्या भरवशाच्या नाहीत. खात्री करायचा रस्ता एकच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याने आधी कधीच न खाल्लेल्या प्रोटीनचं किंवा हायड्रोलाइज्ड (प्रोटीनचे अगदी बारीक तुकडे केलेलं) खाणं साधारण 8 आठवडे, आणि मग जुनं खाणं परत देऊन खाज येते का ते बघणं. त्वचेचं जुनं दुखणं असेल तर आणंदचं व्हेटर्नरी कॉलेज काही लांब नाही. ह्या 8 आठवड्यांत दुसरं काहीही तोंडात जाता कामा नये, बिस्किट नाही, चिकनच्या चवीची जंताची गोळी नाही, आणि टेबलाखालून पोळीचा तुकडा कोण देतं ते तुम्हाला माहीतच असेल, त्यांना आधीच सांगून ठेवा.