पुढचे टायर नवे, मागचे जुने, मग पावसात गाडी मागून का सरकते?

तुम्ही लिहिलंय की गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद पुढच्या चाकांना) आहे, पुढे दोन नवे टायर टाकलेत, मागे जुनेच आहेत आणि तेव्हापासून पावसात वळणावर मागची बाजू सरकते, तर सस्पेन्शन गेलं का? सस्पेन्शन नंतर बघा हो, आधी नवे टायर मागे घ्या आणि जुने पुढे.

उलटं वाटतं ना? मलाही वाटायचं, कारण इंजिनची ओढ पुढे, स्टेअरिंग पुढे, ब्रेकचा जास्त भारही पुढेच. मी पण नवे टायर पुढेच टाकलेले आणि एका ओल्या वळणावर नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर गाडी मागून गर्रकन फिरली, समोरून कोणी येत नव्हतं म्हणून वाचलो. होतं काय की पुढची ग्रिप सुटली तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला लागते, ते लगेच कळतं आणि स्पीड कमी केला की बहुतेक वेळा सावरते. मागची सुटली की कळेपर्यंत उशीर झालेला असतो, त्यात घाबरून ब्रेक मारला की वजन पुढे जातं आणि मागची चाकं अजून हलकी होतात.

नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिमी खोल असते, पाणी बाहेर फेकायचं काम त्या खाचांचं. खाचांमधल्या छोट्या पट्ट्या नक्षीच्या लेव्हलला आल्या म्हणजे 1.6 मिमी उरली, पण तोपर्यंत थांबू नका, 3 मिमीच्या खाली ओल्यात फरक जाणवतोच. फसवं म्हणजे कोरड्या रस्त्यावर झिजलेला टायर कधीकधी जास्त चपळ वाटतो, कारण नक्षीचे ठोकळे बुटके झाल्यामुळे कमी वाकतात, त्यामुळे टायर चांगलाच आहे असा समज होतो.

टायरच्या प्रकाराचं थोडक्यात सांगतो. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, बुटकी असेल तर स्टेअरिंगला रिस्पॉन्स पटकन मिळतो पण खड्डे जास्त जाणवतात, आणि समर टायरचं, म्हणजे उष्ण हवेसाठीच्या टायरचं, रबर साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली कडक पडतं. एकाच अ‍ॅक्सलवर (म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत) दोन वेगळे टायर मात्र अजिबात टाकू नका.

जुने काढताना झीज नीट बघा, मधेच जास्त असेल तर हवा जास्त होती, दोन्ही कडांना असेल तर कमी, आणि एकाच कडेला असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, नीट करून घ्या, नाहीतर नवेही तसेच झिजतील.