वाचकांचे प्रश्न : मराठी मजकुराखालची लाल रेघ

प्रश्न : मी यावल तालुक्यात राहतो. केळी उत्पादकांच्या एका गटासाठी मी नोंदी ठेवण्याचा डेस्कटॉप प्रोग्राम आणि त्याचेच वेब रूप तयार केले आहे. पिकाची पाहणी, तक्रारी आणि सभेचे इतिवृत्त त्यात मराठीत लिहिले जाते. शब्दांची एक मोठी यादी जोडून शुद्धलेखन तपासणी बसवली, पण बरोबर शब्दांखालीही लाल रेघ उमटते, आणि कंटाळून सगळे ती सोय बंद करून टाकतात. माझे काय चुकले? — एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : आपण शब्दांची यादी वापरलीत, आणि मराठी नुसत्या यादीत मावत नाही, हे मूळ कारण आहे. ‘जमीन’ यादीत असेल, पण लिहिणारा ‘जमिनीत’, ‘जमिनीवरच्या’, ‘जमिनीसाठीही’ असे लिहितो. प्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधीचे बदललेले रूप, होते आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घही बदलते : ‘पीक’चे ‘पिकाला’, ‘ऊस’चे ‘उसाला’, तर ‘कापूस’चे थेट ‘कापसाला’. ही सारी रूपे यादीत भरत बसण्यापेक्षा ती घडवणारे नियम द्यावेत. ‘हनस्पेल’ हे इंजिन याच कामाचे आहे. लास्लो नेमेथ यांनी ते हंगेरियनसाठी तयार केले, आणि ती भाषाही मराठीसारखीच शब्दाला प्रत्यय जोडत जाते. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स हेच इंजिन वापरतात.

हनस्पेलला दोन फाइली लागतात. एकीत मूळ शब्द आणि प्रत्येकापुढे त्याच्या गटाची खूण असते, तर दुसरीत त्या गटाचे नियम असतात. ‘जमीन’, ‘बहीण’ यांसारख्या शब्दांचा नियम शेवटची दीर्घ वेलांटी काढून ऱ्हस्व लावतो आणि पुढे ‘ी’सह प्रत्यय जोडतो. मात्र हे इंजिन एकावर एक असे दोनच प्रत्यय सोलून पाहते, आणि ‘बागेसमोरच्यासुद्धा’ या एका शब्दात सामान्यरूप धरून चार थर आहेत. म्हणून सामान्यरूप आणि शब्दयोगी अव्यय यांचा मिळून एकच प्रत्यय मानावा, तसेच ‘च्यासुद्धा’सारखी जोडी दुसऱ्या थरात एकत्र ठेवावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण तपासणीचा सगळा दर्जा याच कामावर ठरतो. लिनक्ससाठी मराठीचे हनस्पेल शब्दकोश मुक्तपणे मिळतात, त्यांपासून सुरुवात करावी. परवान्याच्या अटी मात्र आधी वाचाव्यात.

आपल्या प्रोग्राममध्ये आणखी एक दोष असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो शब्दकोशाच्याही आधीचा आहे. युनिकोड म्हणजे संगणकात प्रत्येक लिपीचिन्हाला क्रमांक आणि वर्ग देणारी पद्धत. मजकुरातून शब्द वेगळे काढताना आपण केवळ तिच्यातल्या ‘अक्षर’ या वर्गावर भिस्त ठेवली असेल, तर ‘केळी’ या शब्दाचे ‘क’ आणि ‘ळ’ असे दोन तुकडे होतात, कारण मात्रा आणि वेलांटी युनिकोडच्या हिशेबी अक्षरे नसून खुणा आहेत. शब्द तोडताना खुणांचा वर्गही सोबत घ्यावा. त्याचबरोबर ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द तपासून पाहावा. त्यातला अर्धा र काही कीबोर्ड ‘ऱ’ आणि हलन्त असा लिहितात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह) असा लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात, आणि एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या रीती एकसारख्या करणारे युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही हा फरक मिटवत नाही. हनस्पेलच्या नियमांच्या फाइलीत आत येणारा मजकूर बदलून घेण्याची सोय आहे; तिथे दुसऱ्या रूपाचे पहिले करून घ्यावे.

पर्यायी शब्द सुचवण्याकडेही आपण लक्ष द्यावे, कारण खानदेशात ते विशेष महत्त्वाचे आहे. फ्रेडरिक डॅमेरॉ यांनी १९६४ साली दाखवले की टंकलेखनातल्या बहुतेक चुका एक अक्षर गळणे, जास्त पडणे, बदलणे किंवा शेजारच्या अक्षराशी जागा बदलणे अशाच असतात, आणि इंजिने त्या आधारे शब्द सुचवतात. आपल्याकडे मात्र चूक बोटांपेक्षा कानातून येते. ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘पाणी’चे ‘पानी’ घरी बोलले जाते, म्हणून तसेच लिहिले जाते. ळ-य, ण-न, ऱ्हस्व-दीर्घ आणि श-ष या जोड्या हनस्पेलच्या नियमांच्या फाइलीतल्या अदलाबदलीच्या तक्त्यात घातल्या, तर योग्य शब्द सुचवण्यांत सर्वांत वर येतो.

तक्रार सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवले असतील, तर ‘माले’, ‘तुले’, ‘शे’ यांखाली रेघ ओढणे मला अन्यायाचे वाटते. अहिराणी म्हणजे चुकलेली मराठी नव्हे. अशा रकान्यासाठी अहिराणी शब्दांचा वेगळा कोश जोडावा किंवा तिथे तपासणी बंद ठेवावी. गावांची आणि माणसांची नावे वापरणाऱ्याला स्वतःच्या कोशात घालता आली पाहिजेत, आणि कोणताही शब्द विचारल्याशिवाय आपोआप बदलू नये.

शेवटी वेळेचा प्रश्न. शब्द लिहून पुरा होण्याआधी रेघ ओढू नये, आणि दर वेळी सारा मजकूर न तपासता बदललेला परिच्छेदच तपासावा.

प्रश्न : आमच्या संकेतस्थळावर फक्त एक अर्ज आहे. त्यासाठी एवढा खटाटोप करावा लागेल का? — एक वाचक, शिरपूर

उत्तर : नाही. ब्राउझरची स्वतःची तपासणी पुरेशी आहे. मजकुराच्या चौकटीला ‘स्पेलचेक’ हा गुणधर्म चालू करावा आणि ‘लँग’मध्ये मराठीचा संकेत द्यावा. मात्र मराठी कोश वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये असला पाहिजे. तो आपल्या पानातून बसवता येत नाही, आणि कोणता शब्द चुकला हेही पानाला कळत नाही. क्रोममध्ये वापरणाऱ्याने वर्धित तपासणी निवडली असेल, तर लिहिलेला मजकूर गुगलच्या सर्व्हरकडे जातो. म्हणून आधार क्रमांक, बँक खाते आणि आजाराची माहिती यांच्या रकान्यांत हा गुणधर्म बंद ठेवावा.