पिंगळ्याची ढोली आणि सकाळी सातचं स्टेटस

प्रश्न : मी सांगलीवाडीचा, एसटीतनं रिटायर झालोय. रोज सकाळी सहाला कॅमेरा गळ्यात अडकवून आयर्विन पूल ओलांडतो आणि हरिपूरच्या बाजूला नदीकाठानं चालत जातो. दोन वर्षं झाली, रोज सातच्या ठोक्याला एक फोटो, स्टेटसला पण आणि फेसबुकला पण, एक दिवस चुकलेला नाही. मागच्या महिन्यात एका जुन्या चिंचेच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी दिसली, फोटो झकास आला, मी जागेसकट टाकला. रविवारी बघतो तर झाडाखाली दहा-बारा जण, एकजण पिंगळा बाहेर यावा म्हणून खोडावर काठी आपटतोय. आता ढोली मोकळी आहे. फोटो टाकणंच बंद करावं का?

उत्तर : काका, बंद अजिबात करू नका. दोन वर्षं लोक चहाबरोबर तुमचा फोटो बघतायत, ज्यांना चिमणी आणि मुनिया सारखीच वाटायची ते आता पक्ष्याचं नाव विचारायला लागले असतील, हे काय थोडं नाही. फोटो टाकला ही चूक नव्हे. पक्षी कुठला, झाड कुठलं आणि तो आज तिथंच आहे, ही तिन्ही एकदम सांगितली तिथं गडबड झाली. पिंगळा ढोली सहजासहजी सोडत नाही, त्यामुळं ज्याला जागा कळली त्याला तो उद्या पण सापडतो आणि परवा पण. आणि सगळेच काय कॅमेरा घेऊन येतात असं नाही. घुबड-पिंगळ्याला अंधश्रद्धेपायी धरणारे आहेत, दिवाळीच्या अमावस्येच्या आसपास तर जास्तच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण आहे पण कायदा रात्री चिंचेखाली उभा राहत नाही ना.

मग करायचं काय? शब्द तुम्ही लोकांना दिलाय, पक्ष्याला नाही. रोज फोटो टाकायचा म्हणजे आजचाच टाकायचा असं कुणी म्हणलंय? साठा ठेवा. चाळीस-पन्नास बरे फोटो बाजूला काढून ठेवले की पावसात, आजारपणात, लग्नकार्यात पण सातचं स्टेटस चुकत नाही. फक्त खाली फोटो काढल्याचा खरा महिना लिहा, म्हणजे मे महिन्यात हिवाळी पाहुणा चक्रवाक बघून कुणी चक्रावायला नको. साठा नसला की काय होतं ते मी स्वतः भोगलंय, परवा लांबनं काढला, आज जरा जवळनं, उद्या उडवून बघू म्हणजे पंख पसरलेला मिळंल, असं करत करत एकदा दंडोबाच्या डोंगराखालच्या माळावर टिटवीच्या मागं लागलो आणि ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली तरी मला कळंना. तिची अंडी माझ्या बुटापासनं दोन हातावर उघडी पडलेली, एप्रिलचं ऊन, आणि मी तिथंच फोकस लावत बसलेलो. तो फोटो मी कधीच टाकला नाही.

जागा सांगताना तालुका सांगा, फार तर नदीकाठ म्हणा, बास. घरटं, ढोली, पिल्लं असतील तर पिल्लं उडून गेल्यावरच टाका. मागं देवळाचा कळस, पाण्याची टाकी, पुलाची कमान दिसत असंल तर कापा, कारण सांगलीकराला कमानीचा एक कोपरा दाखवला तरी पुरे, तो गाडीला किक मारतोय. फोनवर काढलेल्या फोटोत लोकेशन चालू असंल तर जागेचे आकडे फोटोच्या फाईलमध्येच बसलेले असतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ते निघून जातात पण क्लॅरिटीसाठी म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला की सगळे जसेच्या तसे पुढं जातात, आणि आपल्याकडं हौशी मंडळी एकमेकांना डॉक्युमेंटच पाठवतात. तेव्हा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करून टाका. "दादा लोकेशन?" असं विचारणाऱ्याला सरळ नाही म्हणा, राग येईल त्याला, येऊ दे. ई-बर्डसारखी जगभरच्या नोंदी ठेवणारी साईट पण काही पक्ष्यांची नेमकी जागा लोकांपासनं लपवते, तिथं आपण कोण लागून गेलो.

मगरीची गोष्ट मात्र उलटी. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात हिवाळ्यात मगरी काठावर ऊन खात पडतात हे तुम्हाला मी सांगायला नको. बायका धुणं धुतात त्या घाटाजवळ मगर दिसली तर जागा लपवून ठेवणं म्हणजे गाढवपणा, लगेच सांगायचं, पण कुणाला? गावच्या ग्रुपवर, पोलीस पाटलाला, वनखात्याला. फेसबुकच्या दोन हजार लोकांना सांगून काय होणार, त्यातले पन्नास जण दगड घेऊन बघायला येणार. आणि उन्हाळ्यात ती काठावर खड्ड्यात अंडी घालते, ती जागा दिसली तर तोंड बंद.

पिंगळ्याचं म्हणाल तर तिकडं महिना-दोन महिने फिरकू नका. जवळपासच्याच दुसऱ्या ढोलीत असतील कदाचित, संध्याकाळी लांबनंच त्यांची किचकिच ऐकू येते का बघा.

प्रश्न : वाळवा तालुक्यातनं लिहितोय. ऊसतोड चालू असताना फडात बिबट्याची तीन पिल्लं सापडली. पोरांनी मांडीवर घेऊन रील काढलं, लाखावर लोकांनी बघितलं. माझ्याकडं पण फोटो आहेत, रोज एक टाकला तर चालंल का?

उत्तर : नाही. पिल्लाला हात लावणं, उचलणं, दूध पाजणं हे सगळं चूक आहे आणि बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, तेव्हा ते रील म्हणजे पोरांनी स्वतःच्या हातानं तयार केलेला पुरावा आहे, आधी ते डिलीट करायला लावा. पुन्हा असं झालं तर तोड थांबवायची, माणसं लांब करायची आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाईनला फोन लावायचा. वनखात्याची माणसं पिल्लं तिथंच ठेवतात आणि मादी बहुतेक वेळा रात्री येऊन एकेक करून घेऊन जाते. फडाभोवती बघ्यांचे मोबाईल चमकत राहिले तर ती येणार कशी? तुमच्याकडचे फोटो गावाचं नाव न घालता हंगाम संपल्यावर टाका, तेही एखादाच.

प्रश्न : मी साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहते, गच्चीवरनं फोटो काढते. रोज टाकायचं ठरवलंय पण बुलबुल आणि कावळ्याला आठ लाईक, आणि मैत्रिणीनं कोयनेच्या जंगलातलं शेकरू टाकलं तर आठशे! साधे पक्षी कोण बघणार?

उत्तर : ताई, शेकरू राज्यप्राणी आहे, त्याच्याशी कावळ्यानं निवडणूक लढवायची नाही. पण तुमच्या मैत्रिणीला रोज कोयनेला जाणं जमणार आहे का? तुमची गच्ची तुमच्याकडं रोज आहे. एकाच जागेवरनं वर्षभर काढलेल्या फोटोत जे दिसतं ते एका सफारीत दिसत नाही. पावसाळा संपता संपता शेपटी हलवत पहिला करडा धोबी कधी उतरला, पावसाच्या तोंडावर चातक कुठल्या दिवशी ओरडला, ही तारीख फोटोसकट तुमच्याकडं राहणार. तीनचार वर्षांनी त्या तारखा एकाखाली एक मांडल्या की ती नोंद होते, आणि तशी नोंद कुठल्या शेकरूवाल्याकडं नसते.

लिहायचं म्हणाल तर "सुप्रभात" आणि गुलाबाचं फूल नको बाई. दोन ओळीत काहीतरी घडलेलं सांगा. चातकाची मादी सातभाईच्या घरट्यात अंडी घालते आणि सातभाई तिची पोरं सांभाळत बसतात, हे सांगितलं तर सासवा-सुना पण कमेंट करतील. हिवाळ्यात शाळूच्या रानावर भोरड्यांचे थवे येतात, ते पार मध्य आशिया, पूर्व युरोपाकडनं आलेले असतात, आणि आपला शेतकरी त्यांना डबा वाजवून हाकलतोय, असा एक फोटो मिळवा. तोपर्यंत बुलबुल चालू ठेवा. आणि कावळा पितृपंधरवड्यासाठी राखून ठेवा, तेव्हा सगळा सातारा त्यालाच शोधत असतो.