‘दुसरी मी’ की ‘सोंग’?

प्रश्न पुण्यातल्याच एका चित्रकलेच्या विद्यार्थिनीचा आहे. बंगळूरच्या कलावती पुष्पमाला एन. यांनी १९९६ ते १९९८ या काळात मुंबईत ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ ही छायाचित्रमालिका केली. त्यात मुखवटा चढवलेली फँटम लेडी त्या स्वतःच, आणि तिची हरवलेली जुळी बहीणही त्याच. १९३५च्या ‘हंटरवाली’ या स्टंटपटातली नायिका फिअरलेस नादिया आठवावी असा अवतार. तर मुखवट्यातल्या या बाईला, म्हणजे ‘ऑल्टर ईगो’ला, आपल्याच दुसऱ्या रूपाला, मराठीत काय म्हणावं? तिच्या सरांनी ‘पर्यायी अहं’ सुचवलंय.

सरांचा मान राखून सांगतो, नको. ‘पर्यायी’ म्हटलं की पुणेकराला गणपतीतला वाहतुकीचा फलक दिसतो आणि ‘अहं’ म्हटलं की एखादे ताठ गृहस्थ. ‘दुसरी मी’ हे मूळ लॅटिनच्या जवळचं, पण ‘दुसरी’ला आपल्याकडे ‘त्यानं दुसरी केली’चा वास आहे. सवतीची आठवण कशाला?

मग ‘मुखवटा’? इथं जरा थांबायला हवं. ‘मुखवट्याआड’, ‘मुखवटा गळून पडला’ असं आपण लिहितो तेव्हा मुखवटा म्हणजे लपवाछपवी. पण भाद्रपदात तुळशीबागेत एखादी बाई “जोडी कशी दिली?” विचारते, ते मुखवटे काही लपवायचे नसतात. आमच्याकडे गौरी उभ्याच्या. वर्षभर पितळी मुखवटे जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून डब्यात असतात. स्टँडला साडी नेसवून वर मुखवटा बसवला, की त्या क्षणापासून घरात कोणी ‘मुखवटा’ म्हणत नाही. “अगं, तिची नथ सरळ कर” म्हणतात. मुखवटा चढला की ती येते. फँटम लेडीचा मुखवटा या जातीचा आहे, म्हणून तिच्याबद्दल ‘मुखवट्याआडची स्त्री’ असं लिहू नका. आड कोणीच नाही, जी आहे ती समोर आहे.

पण मुखवटा ही वस्तू झाली. तो चढवून जी साकारते तिला शब्द हवा, आणि तो आपल्याकडे आहे: सोंग. लगेच कपाळाला आठ्या पडतील, कारण ‘सोंगं करू नकोस’ हे वाक्य आपण पोरवयात ऐकलेलं असतं. फरक क्रियापदात आहे. सोंग ‘करणं’ म्हणजे ढोंग. सोंग ‘आणणं’, ‘वठवणं’ ही कला. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे चढवून सोंगं नाचवतात, ती कुणाला फसवणूक वाटत नाही. पैशाचं तेवढं सोंग आणता येत नाही, बाकी सगळ्यांची येतात, हे म्हणणाऱ्यालाही ‘आणणं’च सुचलं.

जाता जाता एक गंमत: तो मुखवटा, ते सोंग, पण ‘व्यक्ती’ मात्र मराठीत कायम ती, मग माणूस मिशीवाला का असेना. शिवाय ‘व्यक्ती’च्या मुळाशी प्रकट होणं आहे, इंग्रजी ‘पर्सन’च्या मुळाशी लॅटिनमधला नाटकातला मुखवटा.

कलावतीसाठी नाम हवं असेल तर ‘बहुरूपिणी’ लिहा. ‘सोंगाड्या’ तमाशातला, पुरुषाचाच. त्याचं स्त्रीलिंग ओढूनताणून करावं लागेल. चित्राखालच्या पट्टीवर मी असं लिहीन: ‘या मालिकेत पुष्पमाला यांनी दोन सोंगं आणली आहेत.’ सर हरकत घेतील तेव्हा त्यांना गौरीच्या जेवणाला बोलवा.